छत्तीस खोल्या आणि एक निळा कोट

मी, स्टेशनसमोरच्या छत्तीस खोल्यांच्या हॉटेलची मालकीण, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्याच हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी फुप्फुसे थकली आहेत, डोके थकलेले नाही. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून हात धरलेला नाही. मी रागात आहे, हे मात्र खरे. रागात लिहिलेले चालते का, हे मी आधी वकीलबाईंना विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "चालतं. फक्त अक्षर नीट काढा."

माझे दीर गेला महिनाभर सगळ्यांना सांगत फिरत आहेत की वहिनींचे डोके ठिकाणावर नाही. म्हणून डॉक्टरबाईंनी आज सकाळी माझी परीक्षा घेतली. आज वार कोणता, असे विचारले. मी वार सांगितला, आणि शिवाय हेही सांगितले की दोनशे सातमधला नळ गळतो, एकशे अकराच्या दाराला तेल हवे, आणि तीनशे दोनमधल्या पाहुण्याला पातळ उशी लागते तरी त्याला जाड दिली आहे. त्यांनी खाली फोन करून खात्री केली. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

माणसांची पूर्ण नावे वकीलबाईंनी वेगळ्या पानावर लिहून घेतली आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तसेच लिहिणार.

कलम पहिले. हॉटेलची इमारत, जमीन, परवाने, खाटा, गाद्या, स्वयंपाकघर आणि दारावरची पाटी हे सगळे माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या दिवंगत नवऱ्याला सह्या करायचा कंटाळा होता, त्यामुळे ते तसे झाले. हे संपूर्ण हॉटेल मी आमच्या सफाई विभागाच्या प्रमुखबाईला देते, जिला सगळे टाचणी म्हणतात. सांभाळायला नाही, भाड्याने नाही, दिरांच्या देखरेखीखाली तर नाहीच नाही. कायमचे आणि पूर्ण मालकीचे.

दीर विचारतील, झाडूवालीला हॉटेल? हो, झाडूवालीला. हे हॉटेल उघडले तेव्हा नोकर ठेवायची ऐपत नव्हती. तिन्ही मजल्यांची फरशी मी पुसत होते, चादरी मी धूत होते, आणि दीर तेव्हा कॉलेजात तिसऱ्यांदा त्याच वर्षाला बसत होते.

कलम दुसरे. काउंटरमागच्या खुंटीवर एक निळा कोट टांगलेला आहे. पितळी बटणांचा, खांद्यात कापूस भरलेला. त्याचा इतिहास इथे लिहून ठेवणे भाग आहे, कारण सगळे दुखणे तिथूनच सुरू झाले आणि ते मी स्वतः सुरू केले.

पहिल्याच वर्षी एक पाहुणा काउंटरवर मूठ आपटून ओरडत होता. नळाला गरम पाणी नव्हते. मी त्याला चार वेळा सांगितले की दहा मिनिटांत येईल, बंब पेटवला आहे. तो म्हणाला, "तुम्ही राहू द्या हो. कोणीतरी जबाबदार माणूस बोलवा." नवरा बाजारात गेला होता. इमारतीत पुरुष म्हणाल तर एक प्लंबर, तोही बाथरूममध्ये पालथा पडलेला. मी त्याला उठवले, हात पुसायला लावले, नवऱ्याचा लग्नातला कोट त्याच्या अंगात घातला आणि सांगितले, "बाहेर जा आणि म्हण, पाणी दहा मिनिटांत येईल." तो गेला, म्हणाला. खिशातून पाना डोकावत होता. पाहुणा म्हणाला, "असं नीट सांगितलं की कळतं. थँक यू, साहेब."

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले. त्याऐवजी तो कोट तिथेच चुलीत घातला असता तर हे पानभर लिहावे लागले नसते. पण मला ती युक्ती वाटली. तेव्हापासून कोट खुंटीवर गेला. कोणी साहेब मागितला की हाताशी असेल त्या पुरुषाला तो घालायचा, काय बोलायचे ते मी कानात सांगायचे आणि त्याने बाहेर जाऊन तेच बोलायचे. नवऱ्याने घातला, आचाऱ्याने घातला. नवऱ्याला तर लाज वाटायची, तो आत आल्या आल्या कोट काढून माझ्या खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, "घे तुझं बुजगावणं." नवरा गेल्यावर दीर आले. त्यांना तो कोट इतका बरोबर बसला की त्यांनी तो पुन्हा काढलाच नाही. मी कानात सांगते ते आपल्यालाच सुचते, असे त्यांना वाटू लागले. पुढे पुढे तर कानात सांगायला गेले की ते म्हणायचे, "वहिनी, माझ्या लक्षात आहे सगळं, तुम्ही आत बघा."

तेव्हा त्या कोटाबद्दल माझी आज्ञा अशी: तो उसवावा, कापूस काढून टाकावा आणि कापडाचे तुकडे करून जिन्याचे कठडे पुसायला वापरावेत. बटणे प्लंबरला द्यावीत. तो एकटाच असा होता ज्याने कोट काढल्यावर मला विचारले, "बाई, हे तुम्हीच का नाही सांगितलं त्याला?"

कलम तिसरे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात हॉटेलवाल्यांच्या संघटनेची ढाल आहे. तिच्यावर 'वर्षातील उत्कृष्ट व्यवस्थापक' असे लिहून खाली दिरांचे नाव कोरले आहे. ती ढाल दिरांनीच ठेवावी. पण ती कशी मिळाली ते न्यायाधीशांनाही कळू दे.

नऊ वर्षांपूर्वी पुलाला तडा गेला आणि भर दुपारी सगळ्या गाड्या आमच्या स्टेशनात थांबल्या. मी इस्पितळात, पित्ताशयाचे ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. आमच्या दारात तासाभरात नव्वद माणसे उभी राहिली, आणि खोल्या रिकाम्या चौदा. दीर कोट घालून बाहेर आले. लोकांनी गलका केल्यावर ते ऑफिसात गेले आणि आतून कडी लावली. चार तास ती कडी निघाली नाही.

टाचणी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर चादरी मोजत होती. खाली आली, काउंटरमागचे स्टूल ओढले, त्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "तान्ही मुलं असलेल्या बायका माझ्या उजवीकडे. ज्यांना जिना चढवत नाही ते डावीकडे. बाकीच्यांनी बसून घ्या, जेवण मिळेल." जेवणाच्या हॉलमधली टेबले उचलून तिने गाद्या टाकल्या, धोबीखोलीतल्या मोठ्या पातेल्यांत दूध तापवले, आचाऱ्याला खिचडीला लावले. एका मधुमेही आजोबांची औषधे गाडीत राहिली होती, ती आणायला तिने आमच्या रखवालदाराला फलाटावर पिटाळले. संध्याकाळी वर्तमानपत्राचा बातमीदार आला तेव्हा दिरांची कडी निघाली. फोटो त्यांचा छापून आला.

आता माझी लाज. संघटनेने अर्ज मागवले तेव्हा तो अर्ज मी भरला. दिरांच्या नावाने, माझ्या या हाताने. सफाईच्या बाईचे नाव दिले तर लोक हॉटेलला हसतील, असे मला वाटले. समारंभात दिरांनी 'घरातल्या स्त्रियांच्या मूक पाठिंब्याचे' आभार मानले आणि मी टाळ्या वाजवल्या. टाचणीला मी मिठाईचा डबा दिला. तिने तो घेतला आणि एवढेच म्हणाली, "मॅडम, मी स्टुलावर उभी होते ना, तेव्हा एकानेही विचारलं नाही की साहेब कुठे आहेत."

आयुष्यभर लोकांनी माझ्याबाबतीत जे केले तेच मी तिच्याबाबतीत केले. तेही मिठाई देऊन. ही गोष्ट आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि या वेळी दोष द्यायला दीरही पुरत नाहीत.

कलम चौथे. त्याच संघटनेने पुढे मला एकदा मंचावर बोलावले. विषय होता महिलांचे नेतृत्व. शेजारी सहा पुरुष. त्यांना विचारले, विस्तार कसा केलात, संकटे कशी हाताळलीत. मला विचारले, "घर आणि हॉटेल दोन्ही कसं हो सांभाळता?" मी म्हणाले, "घर नाही सांभाळत. धूळ खातंय." सगळे हसले, त्यांना वाटले मी गंमत केली. त्या दिवशी दिलेला फुलदाणीचा सेट मी संघटनेला परत करते. अध्यक्षांनी तो स्वतः धुवावा.

कलम पाचवे. माझ्या बँकेतल्या ठेवी खोल्या साफ करणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांसाठी आहेत. हे शब्दशः घ्यावे. बाई चाळिशीला आली की वाकून वाकून तिचे गुडघे जातात आणि मग तिला 'आता तुझ्याच्याने होत नाही' म्हणून घरी पाठवतात. उपचार, लांब दांड्याचे पोछे, आणि काउंटरवर उभे राहणाऱ्या मुलींना बसायला खुर्च्या, एवढ्यासाठीच ते पैसे वापरावेत. शिवाय मागचे दार बंद करावे. आमच्या बायका यापुढे पुढच्या दाराने कामावर येतील. पाहुणे बघतात तर बघू देत.

कलम सहावे. माझ्या किल्ल्यांचा जुडगा आणि पाहुण्यांच्या आवडीनिवडीची वही टाचणीची. वहीत काही शिव्या आहेत, त्या फाडू नयेत. पुढच्या वेळी तोच पाहुणा आला की उपयोगी पडतात.

कलम सातवे. दिरांना या हॉटेलातले काहीही मिळणार नाही. राहते घर त्यांच्या वडिलांचे आहे, ते त्यांना लखलाभ. यंदा फुप्फुसांसाठी मी इस्पितळात असताना त्यांनी माझ्या ऑफिसात टेप घेऊन सुतार आणला आणि नवीन टेबल कुठे बसेल ते मोजले. त्याच आठवड्यात टाचणीला सांगितले, "महिनाअखेर बघ आता दुसरीकडे. वय झालं तुझं." तिचे वय एक्कावन्न आहे, दिरांचे चौसष्ट. मी घरी आल्यावर त्यांनी माझ्या उशाशी बसून हात हातात घेतला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता नुसता आराम करा." मी अजून श्वास घेत होते, हे त्यांच्या गावीही नव्हते.

कलम आठवे. माझी धाकटी जाऊ, म्हणजे दिरांची बायको, तीस वर्षे आमच्या धोबीखोलीत हिशेबाबाहेर राबली आहे. तिने कधी तोंड उघडले नाही याचा मला राग आहे. तरी या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या तिला तहहयात राहायला द्याव्यात, म्हणजे नवऱ्याचे ऐकावेसे वाटेनासे झाले तर तिला जायला जागा असेल.

हे कलम खोडले आहे. का, ते लिहिते.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक डॉक्टरबाई. दुसरे आमचे मुख्य आचारी यायचे होते. त्यांनी सकाळी निरोप पाठवला की दाढ दुखते. दाढ दुखत असताना सही करता येते, पण दिरांच्या हाताखाली नोकरी करावी लागली तर काय, या भीतीने करता येत नाही. वकीलबाई म्हणाल्या, शेजारच्या दुकानातून कोणालाही बोलावू. पण दीर म्हणणार, रस्त्यावरची माणसे धरून आणली.

माझी जाऊ तेव्हा माझे पांघरूण बदलत होती. सगळा मजकूर मोठ्याने वाचला गेला तो तिने ऐकलाच होता. ती म्हणाली, "मी करते सही."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. तुमच्या नावे दोन खोल्या आहेत."

"मग त्या खोडा."

मी म्हणाले, "अगं वेडी का तू? तेवढीच जागा आहे तुझी."

"ताई, तुम्ही लिहिलंय मी तोंड उघडलं नाही. मला कोणी कधी विचारलं? तुम्ही तरी?"

मी तिला तीस वर्षांत चादरींबद्दल सोडून काही विचारले नव्हते, हे मी इथे कबूल करते.

मी विचारले, "घरी काय सांगशील?"

"सांगेन, वाचून सही केली. तुमचे भावजी माझंही डोकं ठिकाणावर नाही म्हणाले तर तेही चालेल."

"आणि जागेचं काय?"

"टाचणीला विचारीन. मालकीण तीच ना?" ती म्हणाली आणि माझ्याकडे पेन सरकवले. "खोडा, ताई. आडवी रेघ नको, नीट खोडा."

या घरात तिने दिलेला हा पहिला हुकूम. मी तो पाळला आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला मान्य आहे. खाडाखोड कलम आठमध्येच आहे आणि ती माझ्या हातची आहे.

ठिकाण: तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली.
दिनांक: चौदा मार्च, मंगळवार, सकाळचे साडेअकरा.

लिहून ठेवणार: मालकीण (सही)

साक्षीदार पहिली: डॉक्टरबाई (सही). यांना मी आज शुद्धीवर आणि संतापलेले पाहिले.

साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ (सही). मला यातून काहीही मिळत नाही. मी माझ्या मर्जीने सही करते.