कपाटाला वळसा

३ मार्च, सोमवार
नगरपालिकेचं पत्र! 'आपल्या पाडलेल्या घराच्या जागेचे स्थानिक वारसामूल्य तपासण्यात येत आहे. तोपर्यंत बांधकाम करू नये.' कपाळावर हात मारला. घर उभं होतं तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाडून तीन वर्षं झाली, आता मोकळ्या जमिनीत वारसा शोधणार!

मला तिथं दोन खोल्या बांधायच्यात. एक राहायला, एक पुस्तकबांधणीच्या कामाला. एकसष्टाव्या वर्षी तरी घरमालकिणीची बोलणी न खाता हातोडी आपटता यावी, एवढंच.

५ मार्च
धाकट्या भावाला फोनवर पत्र वाचून दाखवलं. गाढवानं निम्मंच ऐकलं. संध्याकाळी सगळी कागदपत्रं काखोटीला मारून हजर! "ताई, कोण हा नवा वारस? बाबांचं कुठं दुसरं बिऱ्हाड तर..." — अरे, वारस नाही, वारसा! पोट धरून हसले. बिचारे बाबा!

९ मार्च, रविवार
दोघं जागेवर जाऊन आलो. गवत, चार विटा, आणि मधून पायवाट.

आमचं घर म्हणजे गल्लीचा रस्ताच होता. पुढच्या दारानं शिरायचं, बोळकांडीतून मागच्या दारानं बाहेर, की समोर बसथांबा. आजोबांनी कधी कुणाला अडवलं नाही, मग अडवायची रीतच पडली नाही. "जातो हं" म्हटलं की झालं. मी परीक्षेचा अभ्यास करत असताना बँडवाले ढोलासकट गेलेत!

पण पायवाट मधेच वळते. उगीचच. धाकटा म्हणाला, "ताई, इथं कपाट होतं." लोखंडी कपाट! ते कधीच भंगारात गेलं, लोक अजून त्याला वळसा घालतात. ज्यांनी घर पाहिलंही नाही ते नवे भाडेकरूसुद्धा. आणि धाकट्यानं मागच्या दारापाशी चक्क मान वाकवली. दार नाही, चौकट नाही! "सवय गं," म्हणाला.

१४ मार्च
वारसा कक्षातली बाई टेप घेऊन आली. कोरीव खांब होते का? जुनी विहीर? कुणी मोठी व्यक्ती? म्हटलं, आजोबा उंच होते. हसली नाही.

पायवाटेचं ओठावर आलं होतं. गिळलं. खोटं काही बोलले नाही — तिनं विचारलंच नाही!

२६ मार्च, बुधवार
पत्र आलं. 'स्थानिक वारसामूल्य: नाही.' सुटले बाई! हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावी, म्हणे. कोण घेतंय हरकत? लगेच गवंड्याला फोन.

३० मार्च, रविवार
गवंड्यानं खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या. माझी खोली बरोबर पायवाटेवर. जरा सरकवता येईल का, विचारलं. "सरकवली तर शेजाऱ्यांच्या मोरीत जाल," म्हणाला. जागा आहेच चिंचोळी. मग दोऱ्यांच्या आत उभी राहून खिडकी कुठं, टेबल कुठं ठरवत बसले. फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात सुईणबाई आल्या. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातची, मी धरून. काठी टेकत दोरीपाशी थांबल्या. म्हटलं, या की, दोरी खाली धरते. "नको गं. तुझं घर होतंय, छान झालं. मी जाईन लांबून." आणि वळल्या.

चिडल्या असत्या तर परवडलं असतं. लांबून म्हणजे अख्ख्या गल्लीला फेरी. कोपऱ्यापर्यंत जाताना दोनदा थांबल्या. आमच्या दारातून कुणी परत फिरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. लाज वाटली. गवंडी विचारतोय, "पाया कधी खणू?" म्हटलं, बघू.

२ एप्रिल, बुधवार
'वारसामूल्य आहे' असं ठसठशीत लिहून हरकतीचा अर्ज दिला. कारकून चक्रावला — "अहो, निकाल तुमच्याच बाजूनं लागलाय! मग हरकत कुणाची?"

म्हटलं, माझी.