सासूबाई तुझ्यासाठी उठल्या

प्रतिक्षा,

मी दोन दिवस माढ्याला माहेरी जातेय. तिकडं काही काम नाही, खरंच सांगते. काल तू पुण्याहून आलीस आणि आई तुझा हात धरून दारापर्यंत चालल्या. आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून बारा दिवस मी त्यांना "चार पावलं टाका की" म्हणून विनवतेय. मला म्हणायच्या, "पोट फाटतंय गं, मारतीस का मला?" तुला, धाकट्या सुनेला, मात्र हसून म्हणाल्या, "तू आलीस, आता लई बरं वाटतंय." मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तुझा राग आला, खोटं कशाला बोलू?

जेवायला मऊ भात दे, थोडा थोडा, चार वेळा. खोकला आला की पोटावर उशी धरायला लाव. जखम लाल दिसली किंवा ताप आला तर लगेच इथल्या शुक्रवार पेठेतल्या डॉक्टरांना फोन कर.

आणि संडासला लागली तरी आई लाजेनं सांगत नाहीत, नुसत्या पदर चाचपत बसतात. तेव्हा सतीशभाऊजींना बाहेर पाठव आणि आईंना उठव. एवढं फक्त मला माहीत होतं. सकाळपासून मनात होतं, तुला सांगूच नये.

उज्वला