कैलासला पाठवलेले तुकडे

१२ एप्रिल, रवि.
आजचा तुकडा कैलासला पाठवला. लॅबमधलं रक्त फिरवायचं मशीन थांबता थांबता जो आवाज करतं, तो मोबाइलवर घेतला होता. लॅपटॉपवर खूप हळू केला, खाली ठोका टाकला. मधेच तुटतो. पुढे सुचलं नाही. तसाच पाठवला. नियमच आहे आमचा, रविवारी जे असेल ते पाठवायचं, आणि सोबत कारणं सांगायची नाहीत. शहापूरच्या कॉलेजपासून चाललंय. एवढ्या वर्षांत एक ट्रॅक पूर्ण झाला नाही. तरी आठवडाभर लोकांना सुया टोचताना माझं डोकं जागेवर असतं ते यामुळेच.
कै. चा पण आला. रिकाम्या पिंपावर नुसती बोटं. मस्त.
शुक्रवारी मावशीकडच्या हळदीला त्याचाच साउंड आहे, मुरबाडकडे. माणसं जमेपर्यंत तुझा आजचा लावू का, विचारत होता. नको म्हटलं. मग लाव म्हटलं.

१८ एप्रिल, शनि.
लिहून ठेवते. नाहीतर लोक सांगतील तेच खरं वाटायला लागेल.
काल मांडवात कै. ने माझा तुकडा लावला. तुटतो तिथून पुढे स्वतः पॅडवर वाजवत राहिला. लहान पोरं नाचायला लागली. एक म्हातारी बसल्या जागी मान हलवत होती. माझं काहीतरी पहिल्यांदाच मोठ्या स्पीकरवर, माणसांत. अंगावर काटा.
मग प्रशांतदादा आला. मावशीचा थोरला, नवऱ्यामुलाचा भाऊ. पिऊन, मित्र घेऊन. त्याचं गाणं लाव म्हणाला. कै. म्हणाला, "दोन मिनटं दादा, हा संपू दे." एवढंच. आवाज पण चढवला नाही.
प्रशांतने वायर उपटली. "पाड्यावरचा तू, मला थांबवतो?" म्हणाला आणि स्पीकरच्या स्टँडचा पाइप काढून त्याच्या कानावर घातला. कै. खाली पडला. त्याने उठायला हात टेकला, तर त्या हातावर बूट. टाच फिरवली. विडी विझवतात तशी.
मी धावले. बाबांनी माझा दंड धरला. सोडलाच नाही. मी ओरडत होते आणि माझे बाबा मला धरून उभे होते.
मांडवभर माणसं. शेवटी आचाऱ्याने प्रशांतला मागून कव घालून ओढलं. मी आणि आचाऱ्याने कै. ला टेम्पोत घातलं. त्याच्या कानातून रक्त माझ्या साडीवर. माझी हळदीची पिवळी साडी.
मुरबाडहून पुढे उल्हासनगरला पाठवलं. कानाचा पडदा फाटलाय. उजव्या हाताची दोन बोटं मोडली.
लग्न आज ठरल्या वेळी लागलं.

२० एप्रिल, सोम.
पोलिसांनी हॉस्पिटलात कै. चा जबाब घेतला. बघितलं कोणी? कोणीच नाही. मांडवातले सगळे म्हणतात, स्टेजवरून पडला.
संध्याकाळी मावशी आली. आईजवळ बसून रडली. मला म्हणाली, "मने, तुझा भाऊ हाय तो. नवी सून आलीय घरात." जाताना उंबऱ्यात थांबून, "तू ते भुतासारखं वाजवाय दिलं नसतं, तर कायपण झालं नसतं."
 मी बाबांशी बोलत नाही.

२१ एप्रिल, मंगळ.
लॅबमधून आल्यावर लॅपटॉप उघडला. पाइपाचा आवाज करायचा होता. तोच, कानावर बसतानाचा. पत्रा, खलबत्ता, सगळं आपटून बघितलं. जमला नाही. मग लक्षात आलं, मला आवाज नकोय. प्रशांतचं हाड मोडताना ऐकायचंय. त्याचा हात खलबत्त्यात घालून. हे मी लिहितेय. मीच.
तुकडा पुसला.

२३ एप्रिल, गुरु.
दुपारी प्रशांत घरी. बाबा शेतावर. जबाब देणार का, विचारलं. देणार म्हटलं. थोबाडीत. मग केस धरून भिंतीवर. कॉटवरचा लॅपटॉप उचलून अंगणातल्या दगडावर आपटला, पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. परत माझ्याकडे वळला.
आईने चुलीजवळचं लाकूड उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. मग खांद्यावर. मग कुठे बसतंय ते न बघता. तो "मावशे, मावशे" करत दाराबाहेर. हा पोर आईने कडेवर खेळवलेला. त्याला अंगणाबाहेर घालवलं आणि ती चुलीपुढे जाऊन बसली. भात करपला तरी उठली नाही.
माझा ओठ फाटलाय. लॅपटॉप गेला. सगळं त्यात होतं.

२६ एप्रिल, रवि.
पाठवायला काही नाही. कै. ला तसं कळवलं.
थोड्या वेळाने मोबाइल वाजायला लागला तो थांबेना. मी आजवर पाठवलेले तुकडे. सगळे. त्याने एकही काढून टाकला नव्हता. चुकलेले, लाज वाटणारे, नुसता एक ठोका असलेले. पूर्ण झाल्याशिवाय कोणाला द्यायचे नाहीत म्हटलं असतं, तर आज माझ्याकडे एकही नसता.
शेवटी त्याचा आजचा. डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर. वाकडा, अडखळणारा. खाली लिहिलंय, मला एकाच कानानं ऐकू येतंय, जास्त मोठं झालं आसंल तर सांग.
बाथरूममध्ये जाऊन रडले.

३० एप्रिल, गुरु.
सुट्टी टाकून डोळखांबकडे, त्याच्या पाड्यावर. त्याला घरी सोडलंय. त्याच्या आईने नाचणीची भाकरी वाढली. माझ्याकडे बघितलं नाही. कसं बघणार.
मी त्याला विचारलं, माझा तुकडा लावला नसता तर?
"तुकड्यानं नाय मारलं मना," म्हणाला. "पाइपानं मारलं."
बोटं सरळ होतील का, डॉक्टर सांगत नाहीत. तरी रोज सकाळी डाव्या हाताने बसतो. ऑर्डर पुन्हा मिळेल म्हणून नाही. म्हणाला, नाय बसलो तर दिवसभर त्याचा बूटच दिसतो.
बाहेर त्याचा भाऊ आणि पाड्यावरची पोरं बसलेली. कोयते मुद्दाम लपवले नव्हते. भाऊ मला म्हणाला, तुमी बोलणार नसाल तर आमी आमचं बघू.
कै. ने त्यांना आत यायला सांगितलं. आले नाहीत.

४ मे, सोम.
मुरबाडला जाऊन जबाब दिला. कोणी, कशाने, कुठे. हवालदारांनी शांतपणे ऐकलं. कुठलं गाणं चालू होतं, विचारलं. गाणं नव्हतं, म्हटलं, अर्धवट होतं. त्यांनी 'डीजे चालू होता' लिहिलं. सही केली. 

७ मे, गुरु.
बाबांना मारलं. दूध घालून येताना सापगावच्या वळणावर, दोघं, तोंडाला रुमाल बांधून. डोक्याला टाके, मनगट सुजलंय. दूध घालायच्या किटल्या पण चेपून टाकल्या.
मी दवाखान्यात त्यांच्या शेजारी बसले. हळदीपासून पहिल्यांदाच.  मग ते छताकडे बघत म्हणाले, "मी तुला धरली, कारण मला वाटलं तुलाबी मारंल."
थोड्या वेळाने, "मीबी बघितलं हाय सगळं. सांगतो मी."
मी त्यांचा हात धरला नाही. जमलं नाही. पण बसून राहिले.

१० मे, रवि.
प्रशांतला परवा पोलिसांनी बोलावलं होतं. संध्याकाळी घरी आला म्हणे. कै. च्या भावाचा फोन लागत नाहीये, कालपासून. कै. म्हणतो तो वासिंदला कामावर गेला असेल. पण कै. चा आवाज तसा नाही.
सकाळी मोबाइलवरच एक तुकडा केला. वाईट झालाय. बाबांचा घोरण्याचा आवाज, टाके पडल्यापासून ते अडखळत घोरतात, आणि त्यावर ठोका. शेवटी सगळं एकदम मोठं होतं आणि मला ते खाली आणता येत नाही. तसाच पाठवला.
आता मुरबाडला निघतोय, बाबांचा जबाब द्यायला. आईने पण साडी बदलली. कोणी तिला ये म्हटलं नव्हतं. घरासमोरच्या वळणावर एक काळी मोटारसायकल सकाळपासून उभी आहे, दोन पोरं बसलीत. बाबांनी खिडकीतून बघितलं, डोक्याच्या पट्टीवर टोपी चढवली. दुसरा रस्ता नाही.
आई विचारतेय, झालं का तुझं. हो म्हटलं.