हनानची ड्यूटी

४ मार्च, एश्बॉर्न, जर्मनी
पोचले एकदाची. सून स्वरूपाचे दिवस भरत आलेत, म्हणून लेकाने, ध्रुवने, तिकीट पाठवलं. घर लख्ख, हवा छान, खिडकीतून एस-बान, म्हणजे इथली लोकल, दिसते. फक्त कपडे धुवायला तळघरात जायचं. त्याला केलर म्हणतात. प्रत्येक बिऱ्हाडाचा वार ठरलेला. कॉन्व्हेंटमधल्या नन्सची शिस्त म्हातारपणी पुन्हा नशिबी! पण मी खूश आहे. आल्याआल्या डिंकाचे लाडू वळले. ध्रुवने उभ्याउभ्या चार संपवले. विचारलं, बाळंतीण तू की ती?

१० मार्च
केलरमध्ये हनान भेटली. तळमजल्यावर राहते, सीरियाची, पन्नाशीची. तिथल्या यादवी युद्धात एका तळघरातल्या इस्पितळात नर्स होती. बरोबरच्या तिघी बॉम्बखाली गेल्या. माझं पुण्यात शिकलेलं जर्मन मोडकं, तिचं सावकाश, जमलं आमचं. इथे तिला नर्स म्हणून कोणी घेत नाही, ऑफिसं साफ करते. मला संताप आला. चौकाचौकात घोड्यावरचे सेनापती, आणि जखमा शिवणारीच्या हातात फरशी पुसायचं फडकं! ती म्हणाली, राग नको, झोप हवी. त्या तिघी अजून हाक मारतात. एक हात कमी पडतो म्हणे.

१७ मार्च
आज मीही ऐकलं. वाळत घातलेल्या चादरींमागून. हाक अरबी असावी. मला मात्र "सिस्टर" अशी कळली. हनान भिंतीला धरून उठली. मी चादरींना खडसावलं: मेलात तरी ड्यूटी लावताय? झोपू द्या तिला! सगळं शांत झालं. निघताना आपण "जाते" कुठे म्हणतो? जिभेवर होतं तेच जर्मनमध्ये म्हटलं. इश कॉमं. येते.
हनानचा चेहरा उतरला. म्हणाली, आमच्या इस्पितळात हाक आली की जी "येते" म्हणेल, तिच्याकडे पुढचा जखमी. आधीची सुटली. मी समजावलं, आमच्यात ही निघायची रीत आहे, "जाते" म्हणणं अशुभ. ती म्हणाली, हे त्यांना कोण सांगणार?

२० मार्च
हनान आता गाढ झोपते. मी दमलेय. भरदुपारी हाक. गेले नाही, तरी हातांना स्पिरिटचा वास, नखांत तांबडं. स्वरूपाला म्हटलं, बीट चिरलं. तिने विचारलं, आई, आपण बीट कधी आणलं?

२३ मार्च
खाली होते. कशी गेले आठवत नाही. तिघी, धुळीने पांढऱ्या. बोलत नाहीत. नुसतं बोट दाखवतात — इथे दाबा. आता इथे. पुरे झालं म्हटलं तर —
हनानला सांगितलं. रडली. म्हणाली, मीच परत "येते" म्हणते. म्हटलं, खबरदार.

२५ मार्च
गेले नाही. दार लावून बसले. हाक बदलली. स्वरूपाचं नाव.
तिला ऐकू गेलं. पोटावर हात ठेवून विचारते, आई, खालून कोणी — ती ओ देणार, तेवढ्यात मी तिचं तोंड दाबलं. रागावली. रागावू दे.
ध्रुवला फोन केला, लगेच घरी ये. ओ देऊ नकोस म्हणून तिला बजावलं. बाहेरून कुलूप घातलं. मी चालले.

खाली. मोजे भिजलेत. पाणी नव्हे. तिघींनी सरकून जागा दिली. एका हाताने लिहितेय, दुसऱ्याखाली कोणीतरी आहे, गरम — दाबलं तर ओरडतो, सोडलं तर —