दहाव्या फ्रेटचा सूर

राजापेठ, अमरावती
११ फेब्रुवारी

प्रिय अमोल,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, आणि मी वलगावला आलो की मागच्या दारानं शेतात निघून जातोस. दोनदा गेलास. दुसऱ्या वेळी काकूंनी मला चहा पाजला. तू गोठ्यामागे उभा आहेस हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही, तरी आम्ही अर्धा तास हरभऱ्यावर बोलत बसलो. म्हणून हे पत्र. आकांक्षा क्लासला रोज राजापेठेत येते, तिच्याकडे देतोय. तिला बजावलंय, तुझ्या भावाचं वाचून होईपर्यंत समोरून हलू नकोस.

परवा तिनंच तुझा निरोप आणला. आपल्या बँडमधल्या निधीनं पाठवलेलं आमच्या सरावाचं रेकॉर्डिंग तू ऐकलंस म्हणे. आपलं ‘कावून बे’ गाणं ऐकून म्हणालास, ‘माह्या लाईनीची पार वाट लावली त्यानं. दहाव्या फ्रेटवर बोट न्यायचा आळस करून राहिला, मोकळी तार सोडून देते. सांग त्याले, आता तूच गाय अन् तूच वाजव.’ तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल बाबांबरोबर सत्यनारायण सांगायला गेलो, तर तिसरा अध्याय झाल्यावर मी पुन्हा दुसराच सुरू केला. यजमानांना कळलं नाही, बाबांना कळलं. परत येताना गाडीवर त्यांनी एवढंच विचारलं, ‘कावून रे, बरं नाही का तुले?’ मी म्हटलं, झोप झाली नाही. झोप तर चार महिन्यांपासून नीट होत नाहीये.

तुला वाटतं, मी तुझी जागा घेतली. सगळ्यांनाच तसं वाटतं आणि मी कुणाला काही सांगितलेलं नाही, निधीलासुद्धा नाही. तुझा राग मला कळतो. पण आधी मी तुझी बास गिटार कशी शिकलो ते ऐक, थोडा हसशील तरी. तुझी अकोल्याच्या कृषी कॉलेजची प्रॅक्टिकलची वही बासच्या पिशवीत होती. अर्ध्या वहीत मातीचे नमुने, अर्ध्यात आपल्या सगळ्या गाण्यांचे टॅब. चार आडव्या रेघा म्हणजे चार तारा, हे मला समजलं. रेघेवरचा आकडा म्हणजे दांडीवरच्या कितव्या फ्रेटवर, कितव्या घरात बोट दाबायचं, हे मात्र मला कोण सांगणार? आमच्या घरात आकडा म्हणजे कितीदा. अकरा आवर्तनं, एकवीस दूर्वा. त्यामुळे सात दिसला की मी तार सात वेळा छेडायचो, आणि दहा दिसला की दहा वेळा. आठवडाभर हा जप चालला. निधी खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली. आकडे सुधारले तर रेघा उलट्या निघाल्या. कागदावर सगळ्यांत खाली असते ती जाडी तार, आणि मांडीवर बास घेतली की तीच सगळ्यांत वर. हे असं कुणी लिहायचं ठरवलं, त्याला एकदा भेटायचंय मला.

पण खरी अडचण वेगळीच होती. तुझा टॅब बोट कुठं ठेवायचं ते सांगतो, किती थांबायचं ते सांगत नाही. आपल्या गाण्यात बासचे सूर असून असून किती? चार. तेच फिरत राहतात, आणि मधे शब्दांना जागा सोडावी लागते. ती जागा तू वहीत कुठंच लिहिलेली नाहीस. मी शब्द टाकायचो ते तुझ्या मानेकडे बघून. तू मान खाली घेतलीस की मी सुरू. ट्यूशन क्लासच्या त्या वरच्या खोलीत दर रविवारी आपण हेच तर करायचो. आता मी एकटा वाजवतो, एकटाच म्हणतो, आणि दोन्ही धड होत नाही. निधी म्हणाली, लॅपटॉपवर बास टाकून देते, दहा मिनिटांचं काम आहे. मी तिच्यावर इतका ओरडलो की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला.

आता जे मी कुणाशीच बोललेलो नाही ते लिहितो. ऑक्टोबरच्या त्या रविवारी मी तुला तीन फोन केले. तुझी सोयाबीनची गंजी थ्रेशरवर होती, पाऊस येईल म्हणून घरचे घाई करत होते, आणि मी इकडून सरावाची घाई करत होतो. तिसऱ्या फोनला तू म्हणालास, ‘आलो बे, अर्धा घंटा दे.’ त्यावर मी तुला, ‘तुला गाणं करायचंय की नाही ते एकदा ठरव’ असं सुनावून फोन ठेवला. वीस मिनिटांनी आकांक्षाचा फोन आला. थ्रेशरमध्ये भुसा-कुटार अडकलं होतं आणि तू मशीन बंद न करता हात घातलास. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. दवाखान्यात तू माझ्याशी नीट बोललास, काकांनाही म्हणालास की चूक माझीच. त्या फोनबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. काढला असतास तर बरं झालं असतं. नंतर तू एकच मेसेज पाठवलास, ‘बास विकून टाक.’ मी विकली नाही, दुसऱ्या दिवशी मांडीवर घेतली.

तर तुझ्या तक्रारीचं उत्तर. कान अजून तसाच आहे तुझा, दहाव्या फ्रेटचा सूर तिथं नाहीच. तिथं करंगळी ताणावी लागते. तोच सूर सगळ्यांत बारीक तार मोकळी सोडली की मिळतो, बोटच लावायचं नाही. एकच सूर दोन-तीन ठिकाणी सापडतो, हे मला तुझ्याच वहीतून कळलं, आणि मग मी सगळी गाणी तशी शोधत बसलो. सोबत बारा पानं आहेत. आपली सगळी गाणी, टॅब नव्यानं लिहिलेले, कुठंही पहिल्या दोन बोटांपलीकडं काही लागत नाही. उगाच सांगत नाही. माझी करंगळी आणि शेजारचं बोट चिकटपट्टीनं बांधून प्रत्येक ओळ वाजवून बघितली आहे, म्हणून चार महिने लागले. आवाज थोडा वेगळा येतो, मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात अकोल्याचा कार्यक्रम आहे, आणि मी तिथं बास वाजवणार नाही. मी ती तुझ्यासाठी शिकलो, माझं काम झालं. शिव्या द्यायच्या असतील तर येऊन दे, त्या फोनच्याही दे. पट्टी मी आज सकाळी काढून टाकली. मला ती काढता आली, तुला येणार नाही, हे मला कळतं रे. रविवारी अकरा वाजता. ये बे.

तुझाच,
पुष्कर