विमानबुवाची खोळ

मी, द्वारकाबाई भ्रतार केशवराव औताडे, वय सत्तर, धंदा शिवणकाम, राहणार पडेगाव, औरंगाबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, नाकावर चष्मा ठेवून आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझ्यावर दबाव आणण्याची कोणाची छाती नाही, हे गावाला ठाऊक आहे. नवऱ्याचे नाव मी एरवी घेत नाही. कागदाला लागते म्हणून घेतले. यापुढे 'हे' असेच लिहीन, वकिलांनी समजून घ्यावे.

१. राहते घर मी मशीन चालवून बांधले आहे. सासरचा त्यात खिळाही नाही. त्यातली मागली खोली आणि अंगण पुतण्या रामकिसन यास द्यावे. तो वाळूजला कंपनीत आहे, शिफ्टच्या बसमध्ये झोप काढतो आणि घरी येऊन माझ्याशी वाद घालतो, पण मनाचा सरळ आहे. पुढली खोली त्याने विकू नये की भाड्याने देऊ नये. ती कोणासाठी, ते खाली येईल.

२. शिलाई मशीन आणि दोन्ही कात्र्या बन्सीची लेक अंबिका हिला द्याव्यात. बन्सीचा बाप फकिरा गुराखी होता. त्याचे माझ्यावर काय उपकार आहेत, ते सांगितल्याशिवाय या वाटणीचा अर्थ लागणार नाही.

हे लढाईत बाँबफेकी विमानावर बिनतारी यंत्र सांभाळत. शेवटच्या रजेवर आले तेव्हा विमानाचा नंबर मफलरवर भरून दे म्हणाले. मला इंग्रजी येत नव्हते. त्यांनी खडूने अक्षरे काढली, मी टाक्यांनी भरली. असे दोन मफलर केले. एक त्यांच्या गळ्यात गेला, एक माझ्या पेटीत राहिला. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात तार आली की विमान परतले नाही, पाचही जण बेपत्ता. कुठून कुठे निघाले होते, एवढेसुद्धा लिहिले नव्हते.

वर्षभराने थोरल्या जाऊबाई मनकर्णाबाई वरवंटा घेऊन माझ्या बांगड्या फोडायला आल्या. मी तो त्यांच्या हातातून हिसकावला. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असे म्हणून तो घेऊनच घर सोडले. त्या वरवंट्याने आजवर चटणी वाटते आहे. त्याचे काय करायचे, ते शेवटी लिहिते.

निजामावरची पोलीस ॲक्शन झाली, रस्ते मोकळे झाले, तेव्हा फकिरा सदरा शिवायला आला. मापे देता देता म्हणाला, "बाई, लढाईच्या टायमाला आमच्या माळावर इमान पडलं. पाच जण व्हते, पार कोळसा झालेले. आमी मातीआड केलं. पत्रा गावानं वाटून नेला. एक तुकडा तेवढा उभा केला अन् शेंदूर लावला. मंग कुनी हात लावत नाय."

पाच म्हटल्याबरोबर मी माप बाजूला ठेवून माळाची वाट विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी मी दौलताबादच्या डोंगरामागच्या त्या माळावर गेले आणि तेव्हापासून एक अमावास्या चुकवली नाही. लोक त्याला विमानबुवा म्हणू लागले होते. नंबर असलाच तर शेंदराखाली होता, आणि देवाचा शेंदूर माणसाने खरवडायचा नसतो. थर जड झाला की देव आपण होऊन खोळ टाकतो.

रामकिसन एकदा पटाशी घेऊन आला. म्हणाला, "काकू, पाच मिनिटांचं काम हाय."

मी म्हटले, "तुझ्या पाच मिनिटांत माझं कपाळ पांढरं होईल, त्याचं काय?"

खरे सांगायचे तर श्रद्धेपेक्षा मला भीतीच जास्त होती. तिथे हेच निघाले, तर जाऊबाई खऱ्या ठरणार होत्या.

३. गेल्या चैत्रात बन्सी धापा टाकत आला, "काकू, चला! बुवानं खोळ टाकली!"

मी जाऊन त्या पत्र्यावर उघड्या पडलेल्या नंबरावरून हात फिरवला. डोळ्यांआधी बोटांना कळले. ते माझे मफलरवरचे टाके नव्हते. अक्षरेही वेगळी, आकडेही वेगळे. मी तिथेच बसून रडले, मग हसू आले. इतकी वर्षे मी दुसऱ्यांच्याच माणसांना शेंदूर लावत होते! खोळ पैठणला नेऊन गोदेत सोडली.

रामकिसनने सैन्याच्या कचेरीला तो नंबर कळवला. दिवाळीत उत्तर आले. त्या पाचही जणांची नावे कळली. एकाची बहीण समुद्रापलीकडे अजून हयात आहे. तीही माझ्यासारखीच वाट बघत म्हातारी झाली. येत्या मार्गशीर्षात ती इकडे येणार आहे. पुढली खोली तिच्यासाठी आणि त्या पाचांच्या घरून जो कोणी येईल त्याच्यासाठी आहे. मी नसले तरी तिला गरम पाणी आणि कमी तिखटाचे जेवण मिळावे.

४. बँकेतल्या ठेवीतून माळावर पाच नावांचा दगड बसवावा आणि बन्सीने अमावास्येचा दिवा चालू ठेवावा. ते माझे कोणी नव्हेत, असे कोणी म्हणू नये. ह्यांचे विमान ब्रह्मदेशाच्या बाजूला गेले, एवढेच कचेरीने कळवले आहे. तिथल्या एखाद्या बाईनेही परक्यांचे म्हणून ह्यांना मातीआड केले असेल, दिवा लावत असेल. मी इथली वात विझू दिली नाही, तिनेही दिली नसेल, असे मला वाटते.

५. पेटीतला मफलर जाळू नये. तो रामकिसनने ठेवावा आणि दरवर्षी कचेरीला विचारत राहावे. वाद घालण्याची त्याची सवय तिथे कामी येईल.

६. आता वरवंटा. काल मनकर्णाबाई संक्रांतीचे वाण घेऊन माझ्या उंबऱ्यावर आल्या. ऐंशी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र शाबूत आहे. करंडा पुढे करून म्हणाल्या, "लाव गं द्वारके. नंबर दुसराच निघाला म्हनं." पन्नास वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा कुंकू दिले. मी आत जाऊन चहा टाकला.

तरी त्यांचा वरवंटा त्यांना परत करावा, पण अट अशी. मी गेल्यावर मनकर्णाबाईंनी आपल्या हाताने मला हिरवा चुडा भरावा, कपाळभर कुंकू लावावे आणि मगच वरवंटा उचलावा. त्या माझ्या आधी जातील, ही काळजी मला नाही. आपली वस्तू घेतल्याशिवाय त्या जायच्या नाहीत.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि खालील दोघांसमक्ष सही केली.

द्वारकाबाई केशवराव औताडे

साक्षीदार:
काकासाहेब सांडू म्हस्के, पडेगाव
तात्यासाहेब गायके, मुकुंदवाडी

ठिकाण: पडेगाव, औरंगाबाद
संक्रांतीचा दुसरा दिवस, जानेवारी १९९६