तुझ्या निबंधातला सुपरवायझर

मंगफ, कुवेत
शुक्रवार, ११ जुलै २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही तिघं ठीक आहोत. पत्र पाहून मला ऊन लागलं असं समजू नकोस. फोनवर तू दर वाक्याला "म्हणजे नेमकं काय?" विचारतेस. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बहिणीशी बोलणं म्हणजे उलटतपासणीच. कागदावर निदान वाक्य पुरं करता येतं.

इथे चार दिवस नुसती धूळ आहे. अर्चना बँकेतून आली की आधी खिडक्या पुसते. अर्णवला मराठीत काहीही विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं, ठेच लागली की मात्र "आई गं" निघतं. तेवढ्यावर समाधान मानतोय.

तुझा शोधनिबंध वाचला. खरी वाक्यं बोलून ऐकणाऱ्याचा गैरसमज करून देणं आणि सरळ खोटं बोलणं, यात फरक आहे असं तू म्हणतेस. खोट्याची जबाबदारी पूर्ण बोलणाऱ्याची. पण खऱ्या वाक्यावरून चुकीचा अर्थ ऐकणारा स्वतः काढतो, म्हणून तिथे अर्धी जबाबदारी त्याची. पान सातवर उदाहरण आहे सुपरवायझरचं. जूनमध्ये मी फोनवर "ओळखीच्या एकाचं असं झालं" म्हणून तुला विचारलं होतं, तेच. तू खूश होऊन म्हणालीस, असं अस्सल उदाहरण पुस्तकात मिळत नाही.

ते पान मी शुऐबाला, आमच्या प्लांटमध्ये, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि, खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. बहिणीनेच लिहून दिलं, तो खोटं बोलला नाही. नंतर माझीच मला लाज वाटली.

ताई, ओळखीचा वगैरे कोणी नाही. तो मी आहे.

तुला सांगितलं नव्हतं ते सांगतो. आमच्याकडे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दहा मिनिटांची बैठक असते. आज काम काय, धोका कुठे, ते इंग्रजी कागदावर असतं. मी ते हिंदीत सांगायचं, मग सगळ्यांनी त्या कागदावर सह्या करायच्या. आठ जूनला धुळीमुळे बस तासभर उशिरा आली. उन्हाळ्यात अकरानंतर उघड्यावर काम करायला बंदी असते, म्हणून मी घाई केली. कागद फिरवला आणि म्हणालो, "पहले साइन करो, बाद में समझाता हूँ." नंतर समजावायचं राहून गेलं. कागदावर लिहिलं होतं, एका पाइपात अजून वाफ आहे, त्याला हात लावायचा नाही. माझ्या टोळीतल्या हमीदने त्याच पाइपाचे बोल्ट सैल केले. दोन्ही हात आणि मान भाजली.

कंपनीच्या चौकशीत साहेबांनी विचारलं, "पाइपाबद्दल हमीदला सांगितलं होतं का?" मी उत्तर दिलं, "त्या दिवसाच्या कागदावर त्याची सही आहे." शब्द न् शब्द खरा. साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला. बाकीच्या कामगारांना कोणी बोलावलंच नाही. आता सूचना देऊनही दुर्लक्ष केलं, असा ठपका हमीदवर येतोय. त्याला परत पाठवतील. रविवारी शेवटची बैठक आहे.

अर्चना म्हणते, "नोकरी गेली तर इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल, अर्णवची दहावी अर्धवट राहील." तिचं चुकत नाही. मी इथे थांबतो, आता पुढे लिहवत नाही.

शनिवार, १२ जुलै

सकाळी इस्पितळात गेलो होतो. हमीद रत्नागिरीकडचा, पाच वर्षं माझ्या हाताखाली आहे. तो भांडेल अशी तयारी करून गेलो होतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

"आलोकभाई, तुमी सांगितलंत आसंल," तो म्हणाला. "सही माजीच हाय. पन माज्या डोक्यात कायच नाय ऱ्हायला. किती आटवतो, आटवतच नाय."

न सांगितलेली गोष्ट महिनाभर आठवायचा प्रयत्न करतोय तो. रोज सकाळी गावातल्या जेटीपासून मशिदीपर्यंतच्या घरांची नावं ओळीने म्हणून बघतो, डोकं ठिकाणावर आहे का म्हणून. बायकोला, हफिजाला, त्याने फोनवर सांगून टाकलंय की आता माझ्यावर कुठलं काम सोपवू नकोस, मी विसरतो.

ताई, तुझ्या हिशेबात ऐकणारे म्हणजे चौकशीतले साहेब. त्यांच्यावर खुशाल अर्धी जबाबदारी टाक. पण माझं वाक्य हमीदपर्यंतही पोचलं होतं. त्याने साहेबांपेक्षा जास्त विश्वास ठेवला, आणि मला खोटं ठरवण्याऐवजी स्वतःच्या डोक्याला खोटं ठरवलं. त्याची कसली अर्धी जबाबदारी? सरळ खोटं बोललो असतो तर निदान कोणीतरी मला पकडलं असतं.

मी त्याला सांगून टाकलं. "हमीद, तू विसरला नाहीस. मी सांगितलंच नव्हतं."

तो हसला गं. खरंच हसला. "म्हंजे डोका ठीक हाय माजा?" मी हो म्हटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हातांना पट्ट्या, म्हणून पुसताही येईना. मी रुमाल काढून पुढे झालो, तर त्याने मान वळवली. भाजलेली मान वळवताना कण्हला, पण वळवली. म्हणाला, "आता जावा तुमी."

उद्या नऊ वाजता बैठक आहे. तिथेही हेच वाक्य बोलायचं ठरवलंय. मला नोकरीची भीती वाटतेय. कंपनी एखादा सोयीचा कागद पुढे करेल आणि मी पुन्हा खरं-खरं बोलून निसटेन, ही भीती जास्त आहे. म्हणून आज संध्याकाळी अर्चनाला हा निर्णय सांगतो आणि साहेबांना आजच लेखी पाठवतो.

निबंधातून उदाहरण काढू नकोस. निष्कर्षाचं तू बघ, तो तुझा प्रांत. उद्या काय झालं ते मात्र मला विचारू नकोस, हमीदला विचार. त्याचा नंबर खाली लिहिलाय. तो सांगेल तेच खरं धर.

ज्याच्या खऱ्या बोलण्याचीही खात्री करून घ्यावी, असा तुझा भाऊ,
आलोक